सत्त्याण्णव क्रमांकाची श्वासवही

१

कपाटाला तीन कुलपं होती, कारण प्रकल्प संयुक्त होता. एक किल्ली मुलांच्या रुग्णालयाकडे, दुसरी ॲलर्जीच्या प्रयोगशाळेकडे आणि तिसरी हवेतले परागकण मोजणाऱ्या केंद्राकडे. तिन्ही संस्था एकाच आवारात, एकमेकींपासून शंभर पावलांच्या आत होत्या, आणि तिघींचं एकमेकींशी बोलणं तीन महिन्यांतून एकदा, हे कपाट उघडताना व्हायचं. सरकारी भाषेत याला सहकार्य म्हणतात.

शुक्रवारी सकाळी दहाला तिन्ही किल्ल्या फिरल्या. समोर अनुदान विभागाचा तपासनीस खुर्ची ओढून बसला होता. वय सत्तावन्न, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक दम्याचा पंप. दम्याच्या संशोधनाची तपासणी दमेकऱ्याकडे द्यावी असं विभागाने ठरवलेलं नव्हतं. विभागात असं काही ठरवून होत नाही.

प्रकल्प समजायला सोपा होता. दम्याची एकशे वीस मुलं रोज एकदा प्लॅस्टिकच्या नळीत जोर लावून फुंकत आणि काटा थांबेल तो आकडा आपल्या श्वासवहीत लिहीत. मुलं त्या नळीला फुंकणी म्हणत. केंद्र रोज हवेतले परागकण मोजे, पण ती मोजणी तीन महिने मोहोरबंद ठेवी. आईबापांना आधी कळलं तर ते मुलांना घरात कोंडतील आणि अभ्यास बिघडेल म्हणून. मग कपाट उघडे, प्रयोगशाळा दोन्ही आकडे शेजारी मांडे आणि हवा बिघडल्यावर किती दिवसांनी श्वास बिघडतो ते शोधे.

आज अनुदानाला मुदतवाढ द्यायची होती. नियम एकच होता. सगळ्या मूळ वह्या तपासनीसाने डोळ्यांनी पाहून पाचच्या आत दाखला द्यायचा. दाखला नाही तर अनुदान संपलं, आणि त्यातून फुकट मिळणारे एकशे वीस मुलांचे पंप सोमवारपासून बंद.

पहिली पेटी उघडली, चाळीस वह्या. दुसरी उघडली, चाळीस वह्या. तिसरीत एक्क्याऐंशी ते एकशे वीस क्रमांकाच्या चाळीस वह्या असायला हव्या होत्या. वह्या चाळीसच होत्या. तपासनीसाने एक उघडली, दुसरी उघडली, मग बोटाला थुंकी लावून भराभर सगळ्याच उलटल्या.

"कोऱ्या आहेत," तो म्हणाला.

तिन्ही किल्लीवाल्यांनी एकाच वेळी कपाटाकडे नव्हे, आपापल्या किल्लीकडे पाहिलं.

२

"चोरी त्यांच्याकडचीच असणार," मोठे डॉक्टर प्रयोगशाळेच्या दिशेने हनुवटी उडवून म्हणाले. मोठे डॉक्टर प्रकल्पाचे प्रमुख होते. "तिथल्या संचालिकाबाईंना शोधनिबंधावर आपलं नाव पहिलं हवंय. दोन वर्षं तोंड फुगवून बसल्यात. प्रकल्प बुडाला तर नव्याने मांडणी होईल, आणि मग त्या प्रमुख."

"मी?" प्रयोगशाळेच्या संचालिका आपल्या खोलीत तपासनीसाला म्हणाल्या. "डॉक्टरांना दुसरीकडे मोठी खुर्ची मिळतेय. जाताना मागचं आवरून ठेवायचा त्यांना कंटाळा. त्यांच्या घरचं कपाट बघा एकदा, म्हणजे कळेल."

"तुम्ही पाहिलंय?"

"मी कशाला पाहीन? पण अंदाज येतो माणसाचा."

तपासनीसाने कोऱ्या वहीचं मुखपृष्ठ पुढे केलं. वर विभागाचं नाव छापलं होतं. गेल्याच महिन्यात 'आरोग्य संशोधन विभाग' बदलून 'संशोधन व आरोग्य विभाग' असं नामकरण झालं होतं. तेवढ्यासाठी सात बैठका झाल्या होत्या, आणि त्यांतल्या चार बैठकांना तपासनीस स्वतः झोपला होता.

"या नव्या छपाईच्या वह्या. इथे कधी आल्या?"

"वीस दिवसांपूर्वी. थेट रुग्णालयात. आमच्याकडे एकही पाठवायची पद्धत नाही."

"आणि कपाट शेवटचं बंद झालं?"

"पंधरा दिवसांपूर्वी. तिमाही संपली तेव्हा. तपासणी होईपर्यंत मुलं सुट्या कागदावर लिहितात."

म्हणजे कुलपांना कोणी हातही लावला नव्हता. अदलाबदल झाली ती पेटी कपाटात जाण्याआधीच्या पाच दिवसांत, जेव्हा ती रुग्णालयाच्या वॉर्डात पडून होती. तिघांनी समारंभाने तीन कुलपं लावली होती. आत काय ठेवतोय ते कोणीच उघडून पाहिलं नव्हतं.

"पण मी म्हणते, एवढा बाऊ कशाला?" संचालिका संगणकाचा पडदा त्याच्याकडे वळवत म्हणाल्या. "आकडे आहेत ना आमच्याकडे. वॉर्डातून दर महिन्याला टंकून येतात. फक्त अक्षर गेलंय मुलांचं."

"नियमाला अक्षर लागतं."

"नियमाला!" त्या हसल्या. मग पडद्यावरच्या एका ओळीवर बोट ठेवून त्यांचा स्वर मऊ झाला. "हे बघा, सत्त्याण्णव नंबर. माझं लाडकं मूल. हवा वाईट त्याच दिवशी फुंक खाली, हवा सुधारली की त्याच दिवशी वर. एक दिवस चुकवत नाही. बाकीची मुलं उद्या-परवा करत बसतात. सगळी या सत्त्याण्णवसारखी असती तर निबंध आपोआप लिहून झाला असता."

"मुलगा की मुलगी?"

"काय माहीत? आम्हाला फक्त नंबर कळतात."

तपासनीसाने त्या ओळीची आणि आज मोहोर फोडलेल्या परागनोंदींची छापील प्रत मागून घेतली. ती देताना त्यांनी पोच लिहून घेतली.

३

केंद्र म्हणजे प्रयोगशाळेच्या गच्चीवरची पत्र्याची खोली. तिथल्या माणसाला सगळे छप्परवाले म्हणत. चाळिशीचा, खांदे पडलेले, बोलताना समोरच्याच्या छातीकडे बघायची सवय. तपासनीस चार जिने चढून आला होता आणि दारातच थांबला होता.

"बसा आधी," छप्परवाले म्हणाले. "बोलू नका. खांदे सैल सोडा. पंप आहे ना जवळ?"

तपासनीसाने पंप ओढला. छप्परवाले घड्याळाकडे बघत उभे राहिले, मग दुसऱ्यांदा ओढायची खूण केली. डॉक्टर नसलेल्या माणसाला हे एवढं नेमकं कसं ठाऊक, हा प्रश्न तपासनीसाला पडला. पण तेव्हा त्याच्याकडे प्रश्नाला पुरेल इतका श्वास नव्हता.

गच्चीच्या मध्यावर मोजणीचा सापळा वाऱ्याबरोबर हळू फिरत होता. आतल्या चिकट काचपट्टीवर परागकण बसत. रोज सकाळी ती काढून सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण मोजायचा.

"किती वर्षं मोजताय?"

"अकरा."

"कंटाळा नाही येत?"

"मोजताना दुसरं काही आठवत नाही." त्यांनी सूक्ष्मदर्शकावर फडकं टाकलं. "वह्या सापडल्या?"

"नाही. तुम्हाला कोणाचा संशय?"

"मी खाली फारसा जात नाही, साहेब."

टेबलावर नोंदवही होती. अक्षर छापल्यासारखं, प्रत्येक आकडा आपल्या चौकोनात मधोमध. तपासनीसाने पानं मागे मागे चाळली. अकरा वर्षांत एकही खाडा नाही, आणि मग आठ महिन्यांपूर्वी सलग तीन चौकोन कोरे. बाजूला लिहिलं होतं: 'मोजणारा रजेवर.'

"इथे काय झालं होतं?"

छप्परवाल्यांनी वही त्याच्या हातातून हळूच काढून घेतली आणि बंद केली.

"घरचं काम होतं," ते म्हणाले.

४

वॉर्डाच्या खिडकीशी मुलांची रांग होती. खिडकीमागे पस्तिशीची परिचारिका, एकाच वेळी तिघांशी बोलणारी. महिन्यातून एकदा प्रत्येक मुलाने येऊन तिच्यासमोर फुंकायचं आणि तिने वहीवर सही करायची, अशी रीत होती.

"आत्या, मी तीनशे केले!"

"थापा मारू नकोस. मागच्या खेपेला तोंड वाकडं धरून काटा बोटाने ढकलला होतास, ठाऊक आहे मला."

"आत्या, माझी फुंकणी दादाने चावली!"

"दादाला आण इकडे, त्याचीच फुंकणी करते."

रांग संपेपर्यंत तपासनीस बाकावर बसून राहिला. मग ती त्याच्याकडे वळली. "तुम्हीपण फुंकणार? चेहऱ्यावरून वाटतंय."

त्याने फुंकलं. तीनशे दहा. पुन्हा, दोनशे नव्वद. पुन्हा, तीनशे तीस.

"हे असं कसं?" तो म्हणाला.

"असंच असतं. माणसाची फुंक दोनदा सारखी येत नाही, साहेब. सारखी आली की समजायचं, पोराने घरी बसून मनाने लिहिली." हे बोलून झाल्यावर ती नळी पुसायला लागली. पुसलेलीच पुन्हा पुसली.

"सगळी मुलं तुम्हाला आत्या म्हणतात?"

"पडलंय नाव."

"वॉर्डातल्या बायकांना मुलं मावशी म्हणतात. माझं अर्धं लहानपण अशा वॉर्डांत गेलंय. चिक्कार मावश्या भेटल्या. आत्या एकदाही नाही."

भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. मोठे डॉक्टर मध्येच डोकावून म्हणाले, "सापडल्या का? नाही, माझी चारला एक बैठक आहे."

५

तपासनीस आवारातल्या बाकावर दोन कागद मांडीवर घेऊन बसला. एकावर सत्त्याण्णवच्या फुंका, दुसऱ्यावर परागकणांची मोजणी. ऊन चांगलं होतं. असल्या दिवशी लहानपणी आई त्याच्या पाठीला कान लावून आत काय वाजतंय ते ऐकायची आणि खेळायला सोडायचं की नाही ते ठरवायची. तिला कोणी अनुदान दिलेलं नव्हतं.

सव्वातीनला त्याने चौघांनाही कपाटाच्या खोलीत बोलावलं.

"सत्त्याण्णव नंबरचं मूल," तो म्हणाला, "दीड वर्ष इतर मुलांसारखंच फुंकत होतं. वेडंवाकडं, कधी दोनशे चाळीस, कधी दोनशे दहा. आठ महिन्यांपूर्वी ते सुधारलं. तेव्हापासून त्याची फुंक परागकणांच्या मागे सावलीसारखी चालते, त्याच दिवशी, ठरल्या मापाने. संचालिकाबाईंचा जीव त्याच्यावर बसला तो तेव्हापासून."

"मग? चांगलंच आहे की," संचालिका म्हणाल्या.

"बाई, ती मोजणी मोहोरबंद असते. मुलाला ठाऊक नसते, आईबापांना नसते, डॉक्टरांना नसते, तुम्हालाही तीन महिने नसते. जिवंत छाती एक-दोन दिवस मागे-पुढे करते, हे बाकीच्या एकशे एकोणीस मुलांनी दाखवलंय. त्याच दिवशी, त्याच मापाने आकडा लिहायचा तर मोजणी आधी माहीत हवी. ती माहीत असलेला माणूस एकच आहे."

छप्परवाले जमिनीकडे बघत होते.

"दर महिन्याला मुलाला खिडकीशी यावं लागतं. आठ महिने सत्त्याण्णवच्या वहीवर सही होत गेली, म्हणजे सही करणारीलाही माहीत होतं. टंकलेल्या आकड्यांना अक्षर नसतं, म्हणून तेवढं निभावलं. आज मी मूळ वह्या बघणार, तर एका वहीत आठ महिन्यांपूर्वी अक्षर बदललेलं दिसणार. एकच वही काढली तर नेमकं तिच्याकडेच बोट गेलं असतं, म्हणून अख्खी पेटी बदलली." तो परिचारिकेकडे वळला. "तुमचं नाव आत्या पडलं कारण एक मूल तुम्हाला हक्काने आत्या म्हणत होतं. बाकीच्यांनी ते ऐकून उचललं. भावाची मुलगी?"

"हो," ती म्हणाली.

"कर्मचाऱ्याच्या नात्यातलं मूल अभ्यासात चालत नाही!" मोठे डॉक्टर म्हणाले. "आणि त्या मुलीने खोटं लिहिलंच का?"

"डॉक्टर," तपासनीस शक्य तेवढ्या सावकाश म्हणाला, "मोजणीच्या वहीत तीन दिवस कोरे आहेत. सत्त्याण्णवच्या ओळीतही तेच तीन दिवस कोरे आहेत. त्याआधीचे चार दिवस वाचतो. दोनशे चाळीस. दोनशे पाच. एकशे साठ. एकशे दहा."

मोठ्या डॉक्टरांनी तो कागद मागून घेतला. ते वाईट डॉक्टर नव्हते. हे आकडे कुठे जातात ते त्यांना कळलं.

"तुमच्या घरी काहीतरी झाल्याचं मी ऐकलं होतं," अखेर ते छप्परवाल्यांना म्हणाले. "भेटायला यायचं होतं. राहूनच गेलं."

"शंभर पावलं आहेत," आत्या म्हणाली.

६

वह्या वॉर्डात वाफेच्या यंत्राच्या रिकाम्या खोक्यात होत्या. आत्याने खोकं स्वतः उचलून आणलं.

"जाळून टाकल्या असत्या तर मला काही सिद्ध करता आलं नसतं," तपासनीस म्हणाला.

"जाळायच्या कशा? आत तिचं अक्षर आहे." ती खोक्याच्या कडेवरून बोट फिरवत होती. "अभ्यासात मीच घातलं तिला. दादा नको म्हणत होता, नियम आहे म्हणून. पण पंपाला दर महिन्याला पुरे पडत नव्हतं. तो नियमाचा माणूस, साहेब. एक नियम मोडला ना, म्हणून दुसरा त्याने घट्ट धरून ठेवला."

छप्परवाले पहिल्यांदाच आपणहून बोलले.

"सुट्टी होती. ती आजोळी गेली होती, चार दिवसांसाठी. वही घेऊन गेली होती, फुंकायला विसरायची नाही. पहिल्याच दिवशी मी काचपट्टी मोजली, तर वर्षातला सगळ्यात मोठा आकडा. चारशे बारा. मी फोन हातात घेतला. दोनच वाक्यं सांगायची होती. खिडक्या लावून घ्या. पंप जवळ ठेवा." त्यांनी तळहात गुडघ्यावर पुसला. "पण बाकीच्या एकशे एकोणिसांना कोण सांगणार होतं? त्यांना न सांगता आपल्या एकटीला सांगायचं, म्हणजे लबाडी. अभ्यास बिघडला असता. मी फोन खाली ठेवला."

"दादा, पुरे."

"तिथे आजीला वही कळत नव्हती. पोरगी आकडे लिहीत होती, आणि सगळे म्हणत होते, किती शहाणी आहे, रोज लिहिते."

तपासनीसाने पंप काढला, आणि गरज नाही हे लक्षात आल्यावर परत खिशात ठेवला.

"नंतर का लिहीत राहिलात?"

"वही बंद केली असती तर विचारलं असतं, का बंद केली. आत्यावर आलं असतं. अनुदान थांबलं असतं, बाकीच्या पोरांचे पंप थांबले असते." त्यांनी खोक्याकडे पाहिलं. "हे मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे रोज काचपट्टी मोजून झाली की वाटायचं, आज तिला किती जमलं असतं? आज हवा बरी आहे, आज दोनशे तीस तरी नक्की. मग लिहायचो. तेवढ्यापुरता दिवस जायचा."

साडेचार वाजले होते. तपासनीसाने एक्क्याऐंशीपासून एकेक वही पाहिली. कोणाचं अक्षर किरटं, कोणाच्या पानांवर मांजरं, कोणाच्या वहीला दूध सांडल्याचा वास. सत्त्याण्णव हातात आली तेव्हा त्याने ती छप्परवाल्यांसमोर ठेवली आणि पेन दिलं.

"तुम्ही लिहिलेलं तुम्हीच खोडायचं. प्रत्येक पानावर एक रेघ आणि सही."

छप्परवाले रेघा मारत गेले, पट्टी लावून. मागून पुढे, आठ महिने. मग त्या पानावर आले जिथे मुलीच्या गोल, तिरक्या आकड्यांनंतर तीन चौकोन मोकळे होते, आणि थांबले.

"हे तीन," ते म्हणाले. "हे मला कधी भरता आले नाहीत. कितीदा पेन घेतलं. यांचं काय करू?"

"ते तसेच राहू द्या," तपासनीस म्हणाला. "तुमच्या हातचे खरे तेवढेच आहेत."

तेव्हा छप्परवाले रडले. आत्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही, कान ठेवला. तिला सवयच ती होती.

दाखला पाचला सात मिनिटं असताना गेला. त्यात सगळं होतं. वह्या एकशे वीस, चालू एकशे एकोणीस, बंद एक. नात्यातलं मूल, लपवलेला मृत्यू, खोट्या नोंदी, बदललेली पेटी, कोणाचंही नाव न गाळता. शेवटी तपासनीसाने चौकटीबाहेर चार ओळी जास्त लिहिल्या: बंद झालेल्या वहीतल्या शेवटच्या चार खऱ्या नोंदींनी या प्रकल्पाच्या प्रश्नाचं उत्तर दिलं आहे. मोजणीनंतर तीन दिवस हातात होते. मोजणी मोहोरबंद ठेवू नये. रोज सकाळी रुग्णालयाच्या फाटकावर लावावी. चौकटीबाहेर लिहिल्याबद्दल विभागाने त्याला लेखी समज दिली आणि तीन महिन्यांनी शिफारस मान्य केली. दोन्ही गोष्टी एकाच पाकिटातून आल्या.

पंप चालू राहिले. आत्याची दुसऱ्या वॉर्डात बदली झाली, पगारवाढ गेली. छप्परवाल्यांवर ठपका ठेवून त्यांना काढायचं ठरलं होतं, पण त्या पगारात दिवसभर परागकण मोजायला दुसरं कोणीच तयार होईना, म्हणून ते राहिले.

वर्षभराने तपासनीस दुसऱ्याच कामासाठी त्या बाजूला आला तेव्हा मुद्दाम फाटकापाशी थांबला. फळ्यावर त्या दिवसाचा आकडा होता, मधोमध, छापल्यासारख्या अक्षरात. विभागाने मंजूर केलेल्या नमुन्यात फक्त आकडा होता. त्याखाली दोन वाक्यं जास्तीची लिहिलेली होती, आणि ती पुसायला कोणाला सांगायचं हे तिन्ही संस्थांत अजून ठरायचं होतं.

खिडक्या लावून घ्या. पंप जवळ ठेवा.

तपासनीसाने खिसा चाचपला आणि मगच पुढे चालायला लागला.